टांग्यातून काढलेली शिकारी सुरी

दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आलेल्या. म्हणाल्या, "आजोबा, तुमचा जीवनप्रवास लिहून द्या." आता बाई, लोहाराचा प्रवास तो काय असणार? भात्यापासून ऐरणीपर्यंत. सकाळी भट्टी पेटवायची, संध्याकाळी विझवायची आणि मधल्या वेळात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. ते वाचून लोक अंक रद्दीत देतील. तेव्हा प्रवासबिवास राहू द्या, मी तुम्हाला एका सुरीची गोष्ट सांगतो.

कल्याणला टांगा स्टँडच्या पाठीमागे माझं दुकान होतं. वर पत्रा, खाली माती, मध्ये मी. भात्यावर आणि घणावर माझी बायको पारू. लोकांना वाटतं लोहारकाम पुरुषाचं. अहो, मी नुसता सांडशीत लोखंड धरून हातोडीने "इथे मार, इथे मार" दाखवणार. खरा घण पारूचा. तिचे दंड माझ्यापेक्षा भक्कम होते आणि तोंड तर त्याहून. इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झालेली. गाव वाढत होतं, निर्वासितांच्या छावणीतनं नवी गिऱ्हाइकं येत होती, काम भरपूर होतं.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक! एक म्हातारी नवऱ्याचा अडकित्ता बोथट करून घ्यायला आलेली, कारण तो सुपारीपायी दात घालवून बसला होता. एकाला हा एवढा थोरला कोयता हवा होता, पण बिनधारेचा. म्हणे शेजाऱ्याला फक्त दाखवायचाय! अशा माणसांचं मी नवल करत नसे. पण कर्णिक आले त्या दिवशी मात्र पारूने भाता ओढायचा थांबवला.

हे कर्णिक ठाकुर्लीला पॉवरहाऊसमध्ये कारकून. तिशीच्या आतबाहेरचे, किडकिडीत, चष्मेवाले, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. दुकानाच्या बाहेर बराच वेळ घुटमळले, मग आत येऊन एकदम म्हणाले, "मला शिकारी सुरी करून हवी आहे."

आणि खिशातून एका इंग्रजी साप्ताहिकाचं फाडलेलं पान काढलं. त्यावर एक साहेब, पायाखाली अस्वल आणि कमरेला सुरी. सुरीच्या पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र, टोकाला कसलंसं वाकडं नखरेल वळण.

"दात कशाला?" मी विचारलं.

"रानात लाकूड कापायला."

"मग कुऱ्हाड न्या की. आणि होकायंत्र?"

"वाट चुकलो तर."

"कल्याणात कुणालाही विचारा, वाट सांगतील," पारू म्हणाली.

कर्णिकांनी मग आपल्याजवळ किती पैसे आहेत ते सांगितलं. ते ऐकून होकायंत्र गेलं, दात गेले, नखरेल वळणही गेलं. उरली एक साधी सुरी. खरं सांगायचं तर कामाची सुरी अशीच असते. जनावर सोलायच्या सुरीला पोट गोल लागतं, म्हणजे कातडं सुटतं आणि आतडं फाटत नाही. पाठ जाड हवी, टोक बेताचं. बाकी सगळी साहेबाची हौस.

आता एवढ्या पैशात नवं पोलाद कुठून आणणार? स्टँडवर एक मोडका टांगा कित्येक दिवस पडून होता. त्याच्या मालकाला मी पटवलं आणि खालच्या कमानीचा एक पाटा काढून घेतला. वर्षानुवर्षं माणसांची वजनं झेललेलं पोलाद ते, त्याच्यासारखं पातं नाही. त्याच टांग्याच्या कंदिलाचं पितळ मुठीच्या तोंडाला बसवायचं ठरलं, आणि म्यान घोड्याच्या जुन्या सामानाच्या चामड्यातून. मुठीला कर्णिकांना सांबरशिंग हवं होतं. मी म्हटलं, म्हशीचं घ्या, पॉलिश केल्यावर तुमचं सांबरसुद्धा ओळखणार नाही.

पारू म्हणाली, "घोडा तेवढा राहिला. तोही बसवा, म्हणजे भाऊ थेट रानात जाऊन उतरतील."

माझी एक पद्धत होती. मूठ करण्याआधी मी गिऱ्हाइकाच्या हातात लाकडाचा ओबडधोबड नमुना द्यायचो आणि सांगायचो, काप. काय कापायचंय ते मनात आण आणि काप. माणूस कसा धरतो, बोटं कुठे टेकवतो ते बघून मग शिंग घासायला घ्यायचं. सुरी हाताला बसली पाहिजे, हात सुरीला नव्हे. आताच्या त्या कारखान्यातल्या चकचकीत सुऱ्या सगळ्यांना सारख्याच, म्हणून कुणालाच नीट बसत नाहीत. याचं मला वाईट वाटतं, पण माझं कोण ऐकतो?

कर्णिकांनी नमुना हातात घेतला. अंगठा एका बाजूला, तर्जनी पात्याच्या पाठीवर सरळ ठेवली, डाव्या हाताची बोटं आत दुमडली आणि फळीवर झरझर हात चालवला. काय सफाई होती!

पारू पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अहो, हे भाऊ कांदा कापतायत!"

कर्णिक लाल झाले. नमुना खाली ठेवला आणि बाकड्यावर मटकन बसले. मग सगळं बाहेर आलं.

आई लवकर गेलेली, दोन भावांना यांनीच रांधून वाढवलेलं. शिकार सोडा, कोंबडीसुद्धा बाजारातून कापून आणायचे. तर हे मुलगी बघायला ठाण्याला गेलेले. मुलीचे वडील, तात्यासाहेब, जंगलखात्यातून निवृत्त झालेले, माजिवड्याला वाडी करून राहिलेले. घरात भिंतभर शिंगं, बंदुका, जमिनीवर कातडी. मुलगी मालती चहा घेऊन आली. यांनी तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि कुणी न विचारता म्हणाले, "मीसुद्धा शिकारीला जातो अधूनमधून."

"का हो, असं का बोललात?" मी विचारलं.

"काय माहीत! ती हसली म्हणून बोललो. मग ती आणखी हसली म्हणून आणखी बोललो."

तात्यासाहेब खूश. त्यांनी वालाच्या हंगामात रानडुकराच्या हाक्याला यायचं आमंत्रण दिलं. म्हणाले, तुमची स्वतःची सुरी घेऊन या, डुक्कर तुम्हीच सोलायचं, मग बसू आणि बोलणी करू.

"दत्तोबा, मला ती मुलगी फार आवडली आहे," कर्णिक म्हणाले. डोळ्यांत पाणीच आलं माणसाच्या. "हे लग्न मोडलं तर मी दुसरीकडे बघणार नाही. मला अशी सुरी द्या, की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, दहा वर्षं वापरलीय."

इथे मात्र मी अडलो. पात्याला चिंच चोळून काळं करता येतं, मूठ धुरात धरता येते, सगळं येतं मला. पण तरण्या पोरीच्या केसांना चुना लावून तिला म्हातारी म्हणायचं, हे माझ्या हातून व्हायचं नाही. मी म्हटलं, "वेळ आहे अजून. रोज वापरा. हातात राहिली की मूठ आपोआप चमकेल, पात्याला आपोआप रंग येईल. खोटं काही करायला नको." ही माझी अक्कल. पुढे काय झालं ते बघा.

सुरी मात्र झकास झाली. पाटा तापवून ठोकताना पारूने असा घण चालवला की स्टँडवरचे टांगेवाले बघायला आले. मग पाणी द्यायचं काम. लोकांना वाटतं लाल लोखंड पाण्यात बुडवलं की झालं. तसं नाही. आधी लालबुंद पातं तेलात विझवायचं. तेव्हा ते काचेसारखं होतं, पडलं तर दोन तुकडे. मग पुन्हा पाठीकडून हळूहळू ऊब द्यायची आणि डोळ्यात तेल घालून रंग बघायचा. पात्यावर सुक्या गवतासारखा पिवळा रंग सरकत येतो. तो धारेला पोचला की लगेच विझवायचं. एक शिंक आली तरी कारभार आटोपला. त्या दिवशी तो रंग असा सरळ आला, की पारूसुद्धा गप्प बसली.

कर्णिक सुरी छातीशी धरून गेले. हाक्याचा दिवस जवळ आला तसे परत आले. "दत्तोबा, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. कुणी सुरीबद्दल काही विचारलं तर मी काय सांगू?"

माजिवड्याचे शेतकरी माझं गिऱ्हाईकच होते, त्यामुळे कोयत्यांना धार लावायला म्हणून जाता आलं असतं. पण खरं कारण दुसरंच. आमच्या वस्तू दुकानातून एकदा गेल्या की पुढे काय होतं ते आम्हाला कधी दिसत नाही. ही सुरी काम करताना मला बघायची होती. पारू म्हणाली, "जा, आणि त्या भाऊंना जिवंत परत आणा."

सकाळी आम्ही ठाण्याला उतरून टांग्याने माजिवड्याला पोचलो. भात कापून झालेलं, खाचरांत वाल उभा आणि डुकरांनी तो नांगरून काढलेला. हाकारे जमलेले, हातात डबे, ढोल, काठ्या. त्यांचा म्होरक्या पोशादादा, सगळ्यात जास्त वाल त्याचाच गेलेला. तात्यासाहेब मिशा पिळत, खाकी टोपी घालून उभे. आणि मालतीबाई! साडीचा पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला बंदूक. कर्णिकांना बघून गालातल्या गालात हसली. कर्णिकांनी उगाच कमरेच्या सुरीवर हात ठेवला.

तात्यासाहेबांनी जागा वाटून दिल्या. स्वतः एका बांधावर, मालती दुसऱ्या, आणि कर्णिक मधल्या वाटेवर, आंब्याच्या झाडाखाली. मी त्या झाडावर. लोहाराला कुणी हसलं तर हसू दे, मी आपला वर.

तिकडे डोंगराच्या अंगाने ढोल सुरू झाले. गावची पाचसहा कुत्री सोडली. ती जी निघाली ती थेट रानाकडे जाण्याऐवजी वळली, आणि आली कर्णिकांकडे. त्यांच्याभोवती रिंगण धरून बसली. शेपट्या हलतायत, लाळ गळतेय. एकाने तर पुढचे पाय उचलून म्यानालाच जीभ लावली.

"हाड! हाड!" कर्णिक कुजबुजले.

"काय चाललंय तिकडे? कुत्री सोडा!" तात्यासाहेब ओरडले.

"मी नाही धरलेली!"

एवढ्यात झाडी मोडल्याचा आवाज झाला आणि डुक्कर बाहेर आलं. थोरला नर, सुळे हे एवढे. वाटेवर कर्णिक आणि त्यांच्या समोर ते. कर्णिकांनी सुरी उपसली आणि उभे राहिले. अहो, खरंच उभे राहिले, जागचे हलले नाहीत. तात्यासाहेबांना कर्णिक मध्ये असल्यामुळे बार काढता येईना, मालतीलाही येईना. कुत्री डुकराकडे बघायला तयार नाहीत. डुकराने हा सगळा प्रकार बघितला, फुर्र केलं आणि कर्णिकांना वळसा घालून खाडीच्या दिशेने निघून गेलं.

"डुकर पलाला!" पोशादादाने कपाळावर हात मारला. "आरं कर्मा! आता आमी खायाचा काय?"

तात्यासाहेब तरातरा आले. त्यांनी कर्णिकांच्या हातातली सुरी घेतली, उलटीसुलटी केली. मग नाकाशी नेली. मग म्यान नाकाशी नेलं.

"सोडे," ते म्हणाले.

मी झाडावरून उतरत होतो तो तिथेच थांबलो.

"सुक्या कोळंबीचा वास येतोय याला! आणि इथे, पितळेच्या खाली, हे काय? खवलं! कुठल्या रानात मासे मारता हो तुम्ही? आणि ही पिवळी रेघ? हळद!" मिशा थरथरत होत्या. "ही सुरी स्वयंपाकघराबाहेर कधी पडलेलीच नाही!"

माझी अक्कल, दुसरं काय! रोज वापरा म्हटलं. कारकून माणूस, रोज डुक्कर कुठून आणणार? रोज संध्याकाळी आपला बाजार करायचा आणि शिकारी सुरीने मासे, कांदे, सोडे, सगळं कापायचा. आणि न पुसता म्यानात घालायचा, म्हणजे जुनी दिसेल.

कर्णिकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तात्यासाहेब, मी जन्मात शिकार केलेली नाही. मी खोटं बोललो. तुमच्या मुलीकडे बघून तोंडातून निघून गेलं आणि मग मागे घ्यायची हिंमत झाली नाही."

"निघा तुम्ही," तात्यासाहेब म्हणाले. "शिकार येत नाही त्याचं काही नाही. पण थापा मारणाऱ्याला मी मुलगी देणार नाही."

कर्णिकांचा चेहरा बघवत नव्हता. मला सुरी करून दिल्याचाच राग आला. ते जायला वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. समोर हाकारे बसलेले, पहाटेपासून उपाशी, डुकराच्या भरवशावर.

"मी निघतो," कर्णिक म्हणाले, "पण ही माणसं माझ्यामुळे उपाशी राहिली. त्यांना जेवू घालून जातो. खाडीची मासळी मिळेल का पोशादादा?"

मिळाली. पोशादादाच्या घरून टोपलीभर बोय आली, शेतातला वाल आला, वाडीतले नारळ आले. तात्यासाहेबांच्याच मागच्या अंगणात चूल मांडली. सुरी तात्यासाहेबांनी फेकलेली, ती कर्णिकांनी उचलली, धुतली आणि कामाला बसले. आणि काय सांगू तुम्हाला! त्यांचा हात असा चालायला लागला की मी बघतच राहिलो. खवलं उडतायत, पोटं चिरली जातायत, तुकडे एकसारखे पडतायत. माझी सुरी त्यांच्या हातात अशी फिरत होती, की मला तिचं पोट, तिची पाठ, तिची मूठ, सगळं बरोबर झाल्यासारखं वाटलं. मालती खांबाला टेकून बघत होती.

पंगत बसली. आमटीचा भुरका मारून पोशादादा म्हणाला, "सायेब, डुकर गेला तां बरा जाला." तात्यासाहेबांनी भात पुन्हा घेतला, मग पुन्हा घेतला, आणि शेवटी वाटी पुढे करून म्हणाले, "त्या वालात काय घातलंयत?"

"सोडेच," कर्णिक खाली मान घालून म्हणाले. "थोडे खिशात होते. म्यानात ठेवायला आणलेले, वास टिकावा म्हणून. मला वाटलं, रानटी वास येतो."

तात्यासाहेबांना ठसका लागला. हसले की चिडले कळेना. पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि परत कडक झाले. "जेवण उत्तम. पण माझा शब्द तोच. खोट्या माणसाला मुलगी नाही."

तेव्हा मालती बोलली. "बाबा, हे खोटं बोलतायत ते मला पहिल्याच दिवशी कळलेलं."

"काय?"

"हे म्हणाले, मी वाऱ्याकडे पाठ करून जनावराच्या मागावर जातो. असा कुठला शिकारी असतो? जनावराला कोसावरून वास जाईल. तुम्ही जावई मिळाल्याच्या आनंदात होतात, तुम्ही ऐकलंच नाहीत."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला बघायचं होतं हे काय करतात. ताप आलाय म्हणून निरोप धाडला असता तर विषय संपला असता. पण हे आले. आणि डुक्कर अंगावर आलं तेव्हा सुरी काढून उभे राहिले. तुमचे ते शिकारी मित्र, मागच्या हाक्याला, कुठे होते आठवतं? गोठ्याच्या माळ्यावर!"

हाक्याच्या वेळी मी झाडावर होतो, मला वरून नीट दिसत होतं. कर्णिक उभे राहिले कारण त्यांना पाय उचलताच आला नाही. पण माझं तोंड तेव्हा वालाने भरलेलं होतं. अशा वेळी बोलू नये.

"आणि बाबा," मालती म्हणाली, "घरात शिकारी आधीच दोन आहेत. माझ्या हातचा भात तुम्ही किती वर्षं गिळताय, फक्त कुणाला सांगत नाही एवढंच."

तात्यासाहेबांनी कर्णिकांकडे बघितलं, रिकाम्या वाटीकडे बघितलं. 

मालतीने पाटावरची सुरी उचलली, अंगठ्याने धार बघितली, पदराने पुसली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. "दत्तोबा, सुरी फार चांगली झालीय. ही आता माझी. यांना एक विळी करून द्या."

कर्णिक माझ्याकडे वळले. म्हणाले, "दत्तोबा, विळीला खवणी बसवा. मोठी."

तात्यासाहेब उठले, हात धुतले, बंदूक भिंतीला टेकवून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "नारळ आमच्या वाडीतले न्या."